गंगीतला लपलेला तांबडा

अगं, मला वाटलं होतं, परदेशातून गुरांची आनुवंशिकता शिकून आले की गोठेवाले माझी वाटच बघत असतील. प्रत्यक्षात पहिलं बोलावणं आलं ते धायरीच्या दत्तूकाकांचं, आणि तेही भांडण मिटवायला. त्यांच्या काळ्या-पांढऱ्या गंगीला तांबडी कालवड झाली होती आणि काका कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरांवर उखडले होते.

"वळू काळा-पांढरा म्हणाला होता ना? मग हे काय हाय? परत गोठ्यात पाय ठेवायचा नाही!"

डॉक्टर रडकुंडीला आले होते. मी उत्साहाने मध्ये पडले. "काका, डॉक्टर चुकले नाहीत. तांबडा रंग आई-बाप दोन्हीकडून आला तरच दिसतो. वळूत तो लपलेला होता, तसाच गंगीतही."

"आमच्या गंगीत? तिची आई, आजी, सगळ्या काळ्या-पांढऱ्याच!"

"लपलेला म्हणजे दिसत नाही ना, काका!"

काकांनी डॉक्टरांना चहा मागवला. मला वाटलं, विज्ञान जिंकलं.

चहा संपवून काका म्हणाले, "म्हणजे खोट गंगीतच हाय. उद्या बाजारात नेतो तिला."

"अहो, निम्मा दोष वळूचा आहे!"

"वळू कुठाय विकायला? तो नळीतून आला नि गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी ठरवलं, गंगी आपणच घ्यायची. धावत जाऊन काकांना तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे तिचं दावं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या सोसायटीला लिफ्ट हाय ना?"