वरातीतला हिटर

आपल्या गाडीला भंगार म्हणणाऱ्यांनी चहा खाली ठेवून ऐकावं. बायकोच्या भाच्याचं लग्न होतं. नवरदेव माझ्याच गाडीत जाईल, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो आणि गाडी तापायला लागली.

रिछाईच्या गॅरेजमधला मेकॅनिक म्हणाला, "साहब, इंजन खोलना पड़ेगा."

"काहून? पळताना वारा लागतो तर थंड राहते, उभी राहिली की तापते. भैया, पंखा बघ."

रेडिएटरच्या पंख्याची मोटर जळाली होती आणि नवी लग्नानंतरच मिळणार होती.

नवरदेवाचे वडील वसंतराव, म्हणजे आमचे साळे, हसले. "भाऊजी, वरात मुंगीच्या चालीनं जाते. इंजिन उकळेल. माझी गाडी घेऊ."

"मुळीच नाही. तुम्हीही माझ्याच गाडीत बसा, पुढच्या सीटवर."

लग्नाच्या दिवशी वरात राइट टाउनात पोचली. पोरं बोनेटसमोर नाचायला लागली, गाडी थांबली, इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला. मी हिटर फुल केला. मे महिन्यात! इंजिनची सगळी आग आत आली. डॅशबोर्डवर पापड भाजून निघाले असते.

मागून नवरदेव ओरडला, "फूफाजी, हे काय करून राहिले?"

"इंजिनची गरमी काढून राहिलो."

"काढून कुठे टाकता?"

"तुझ्या बाबांवर."

मंडपाशी वसंतराव उतरले ते फेटा पिळतच. नवरीच्या आईनं कौतुकानं विचारलं, "खूप नाचले का हो?"

मी म्हटलं, "वसंतराव, काटा बघा. मधोमध आहे. आता सांगा, उकळलं कोण?"