पाचवा टेकू

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझी हालत खराब झाली होती. गाडीला मागे जोडायचं फिरतं घर मी स्वतःच्या हाताने बांधत होतो ना, त्याच्या भिंती मी हौसेने गोल ठेवल्या, आणि तिथंच फसलो. आत प्लायचा जोड झाकायला सागाची पट्टी लावायची होती, आणि सागवान काही वाकायला तयार नाही. दोन पट्ट्या मोडल्या. तिसरी शेवटची. खिळा मारला तर बाहेरच्या पत्र्यातून निघणार, म्हणून चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि केळीला टेकू देतात ते चार बांबू निंबोल्याच्या शेतकरी मित्राकडून आणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवले. तरी मधेच एका जागी पट्टी कर्र करत उठायला लागली. पाचवा बांबू नव्हता. मी तिथं खांदा लावला.

सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेलं, चार तास हलवू नका.

अर्ध्या तासात माझे पाय थरथरायला लागले. तेवढ्यात बायको दारात आली.

“अहो, जेवायला चला ना.”

“कसा येऊ? मी हललो की ही पट्टी पण मोडली. अंगणातल्या केळीचा टेकू काढून आण. जल्दी.”

ती गेली. मला खिडकीतून दिसत होती. तिने बांबूला हात लावला, वर घडाकडे पाहिलं, आणि रिकाम्या हाताने परत आली.

“काय झालं?”

“घड भरलाय. टेकू काढला तर झाड आडवं होईल.”

“आणि मी?”

तिने मला खालून वरपर्यंत नीट पाहिलं.

“तुम्ही उभे आहात ना अजून.”