वरचीचं नाक

दार लावा आधी. ते नाही हो, ते शेडकडचं, ते असू दे उघडं – हे, जिन्याकडचं. अर्धवट नको, नीट लावा, कडी घाला. का म्हणजे? वास जातो सगळा वर. एवढी वर्षं घालवून फुलात वास आणायचा आणि तो वरच्या मजल्यावर फुकटात पाठवायचा, असला दानधर्म मी करत नाही. वर कोण म्हणजे? माझी जाऊ राहते. धाकटी. आमचे नवरे, दोघे भाऊ, सकाळीच गाडी भरून बाजारात जातात, मग घरात आम्ही दोघी – ती वर, मी खाली, मध्ये जिना. बोलत नाही आम्ही. तुम्हाला काय करायचंय पण? फूल बघायला आलात ना, बसा. तिथं नको. त्या टेबलाला हात लावू नका, ती फुलं परीक्षेला बसलीत. पाण्यात मान ताठ किती दिवस राहते ते बघत असते मी, आणि जो येतो तो आधी तीच फुलदाणी उचलतो. मागे तुमच्या कंपनीनं एक टायवाला पाठवला होता, त्यानं तर पाकळी खुडून बोटांत चुरगाळली, माझ्यादेखत, आणि वर विचारतो कसा, हे प्लॅस्टिकचं नाही ना. हाकलला मी त्याला. तुम्हालाही हाकलेन, तेव्हा जरा बेतानं.

हे बघा. हेच ते. हातात घ्या, घ्या, दांड्याला धरा – काटे शोधू नका, नाहीत. आतून लोण्यासारखा रंग, कडेला जरासा लाल, जणू कुणी ओलं बोट फिरवलंय. दांडा बघा केवढा लांब, केवढा सरळ. आणि पंधरवडाभर असंच राहतं हे, खोटं वाटत असेल तर त्या टेबलावरचं बघा, लांबून. तुम्हा लोकांना हेच पाहिजे असतं ना? खोक्यात मावलं पाहिजे, गाडीत हिंदकळलं तरी चुरगळता कामा नये, दुकानात दिवसचे दिवस उभं राहिलं पाहिजे. वासाचं फूल लवकर मान टाकतं म्हणून तुम्हीच वास काढायला लावलात. आमच्यासारख्यांनी काढला. आणि आता रडत येता, की बाई, गिऱ्हाईक गुलाब हातात घेतं, नाकाला लावतं आणि तोंड वाकडं करून परत ठेवतं. मग काय करेल? गुलाब घेतल्यावर माणूस दुसरं काय करणार, कानाला लावणार?

म्हणून हे केलं. टिकणाराही आणि वासाचाही. सोपं वाटतं ना? एका फुलाच्या पाकळ्या सोलायच्या, त्याचे पुंकेसर उमलायच्या आत चिमट्यानं खुडून टाकायचे – नाहीतर ते स्वतःशीच लग्न लावून मोकळं होतं – मग दुसऱ्या फुलाचे पराग ब्रशनं लावायचे, वर कागदी पिशवी. मग फळ धरणार, पिकणार, त्यातल्या बिया थंडीत ठेवायच्या, पेरायच्या, आणि त्यातल्या निम्म्या रुजणारच नाहीत. आणि जी रोपं येतात ती सगळी एकाच आईबापांची, पण एक दुसऱ्यासारखं असेल तर शपथ. एकेक झाड जगात एकटंच असतं. त्याच्यासारखं दुसरं कुठंही नाही. त्यातून एक निवडायचं आणि बाकीची उपटायची. ही निवडच सगळं काही आहे. आणि निवड मी करते. या घरात नाक आहे ते माझं – मी नाही म्हणत, फूलवाल्यांच्या संघाच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, भर सभेत, की बाईंच्या नाकाला तोड नाही. टाळ्या वाजल्या. ती शेजारीच बसली होती. ती म्हणजे वरची. घरी आली, तडक जिना चढून गेली, ती अजून खाली उतरलेली नाही. स्वयंपाकसुद्धा वर. आता अध्यक्ष बोलले तर मी काय उठून त्यांचं तोंड धरू? की भर सभेत सांगू, अहो अध्यक्ष – जाऊ दे. तुम्ही हुंगा.

हुंगा म्हणजे असं नाही. नाक खुपसून काय करताय, श्वास तुमचाच तुम्हाला येईल. जरा लांब धरा. डोळे मिटा. आता सावकाश – हं. काय?

काय? बोला की. चेहरा का असा केलात? नाही, काहीतरी केलात चेहऱ्याला. भुवया. मी बघतेय ना. – थांबा, घाई नका करू, थंड पेटीतून आत्ताच काढलंय ते. थंड फुलाला वास सुटत नाही, एवढं तरी माहीत असेल तुम्हाला. खोलीच्या उबेला येऊ दे जरा. दोन्ही हातांत धरा, असं, ऊब द्या त्याला. – आता? – तुम्ही अत्तर लावून आलात का? सेंट? दाढीनंतरचं ते काहीतरी? मग मघाशी शेडमध्ये तंबाखू मळलीत का? सर्दी आहे? नाही, विचारते. काही माणसांना सर्दी असते आणि कळत नाही. असतात अशी माणसं. सगळं ठीक चाललंय असंच वाटत असतं त्यांना, आणि एक दिवस –

माझ्याकडे काय देताय? मी कशाला हुंगू? मला माहीत आहे याचा वास कसा आहे. लिंबाच्या सालीसारखा, खाली जरासा मध. असाच असणार. आईचा लिंबाचा होता, बापाचा मधाचा, मग पोराचा काय, रॉकेलचा असेल? हो, कधी कधी आईबापांचा वास पोरात उतरत नाही, पण यात – मी विचारलं तेव्हा ती म्हणालीच होती. जिन्यावरून. खाली नाही उतरली, कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, त्याला वास नाही, उगाच गावभर सांगत सुटू नका, वास आहे तो त्या कडेच्या वेड्यावाकड्याला. आणि परत वर. आता मी त्यावर विश्वास ठेवायचा? जी बाई महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही, जी एका टाळीवरून रुसून बसते, ती मला खरं सांगेल? मुद्दाम सांगितलं तिनं. म्हणजे मी हे टाकावं, ते वेडंवाकडं पुढे करावं, आणि तुमच्यासारख्यांनी माझ्या तोंडावर हसावं. मी काय दुधखुळी आहे? – मग तिला विचारलं कशाला म्हणजे? विचारावं लागतं. दुसरं मत घ्यावं लागतं. डॉक्टरसुद्धा घेतात.

तसं नाही. पूर्वी मीच हुंगायची. लग्न करून ती या घरात आली तेव्हा तिला गुलाब आणि कोबी यांतला फरक कळत नव्हता, मी शिकवलं. सकाळचं ऊन वर आलं की ओळीतून चालायचं, वारा अंगावर घेत, एकेका फुलाशी थांबायचं. मी पुढे, ती मागे पाटी घेऊन. मग गेल्या हिवाळ्यात तो ताप आला – काही नाही, चार दिवस पडून होते, उठले, कामाला लागले. आणि एक दिवस ओट्याकडे पाठ करून बिया निवडत बसले होते, तर ही वरून धडधडत खाली. तिनं गॅस बंद केला तेव्हा मी वळून बघितलं. दूध करपून पातेलं काळं झालं होतं, खोलीभर धूर. माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर. तिनं माझ्याकडे बघितलं. पातेल्याकडे बघितलं. पातेलं घासलं, खिडक्या उघडल्या, आणि दुसऱ्या दिवशी ओळीत ती पुढे चालायला लागली. आपण होऊन. एकेका फुलापाशी थांबायची आणि म्हणायची, आहे. नाही. आहे, पण कडू. मी मान हलवायची, दोघे भाऊ बघत असले तर जास्तच हलवायची. तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. हे मात्र – बरं, हे मान्य करायला हरकत नाही, नाही सांगितलं.

असं बघू नका. हो. नाही येत मला वास. काही येत नाही. चहा नाही, रॉकेल नाही, माती नाही. उद्या घर पेटलं तरी मी डोळ्यांनी बघेन तेव्हा कळेल. झालं समाधान? जा आता आणि सांगा तुमच्या कंपनीत, संघातही सांगा, की अध्यक्षांनी ज्या नाकाला टाळ्या मागितल्या ते नाक नुसतं शोभेचं आहे. पण हे फूल खोटं नाही. मी डोळ्यांनी निवडलंय, तीस वर्षांच्या डोळ्यांनी, आणि असल्या देखण्या झाडाला वास नसेल असं होऊच –

काय म्हणालात? परत म्हणा. खोलीत वास आहे?

आहे ना. मग मी इतका वेळ काय घसा फोडतेय? लिंबाचा? आधी लिंबाचा आणि मागून मधाचा? बघा. बघा, मी म्हटलं नव्हतं, ऊब मिळाली की सुटतो. खोटारडी मेली, कठड्यावरून वाकून सांगते मला, नाही म्हणून. आता बोल म्हणावं – अहो, चाललात कुठे? फूल इथं आहे, तुमच्या हातात आहे, फूल घेऊन कुठे फिरताय खोलीभर? तिकडे काही नाही. तिकडे दारामागे कचरा आहे. ती पाटी आहे कचऱ्याची, सकाळी उपटलेली झाडं आहेत तीत, त्याच आईबापांची, बाकीची भावंडं. एक निवडलं की बाकीची ठेवायची नाहीत, उद्या कुणी फांदी चोरली तर? तुम्ही यायच्या आत उपटून टाकली मी सगळी. तिच्या नाकावर टिच्चून. ती वरून खिडकीतून बघत होती. बघ म्हटलं, बघ नीट. खिडकी लावून घेतली तिनं.

उठा तिथून. मी सांगतेय, उठा. काय चाललंय हे, कचऱ्यात डोकं घालून –

नाही.

नाही, खात्री करा. तुमच्या हातातल्या फुलाचा असेल. ते बाजूला ठेवा, लांब, तिकडे खिडकीत ठेवा. आता?

पाटीतूनच येतोय, म्हणता?

थांबा, उचकू नका. मुळं तुटतील. – अहो, तेच तर झाड एकटं आहे, मघाशी सांगितलं ना, दुसरं नाही कुठे. निवडलेल्याचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, आम्ही आधीच काढून दुसऱ्या झाडाच्या खुंटावर भरतो, म्हणजे एकाची चार होतात, पण टाकाऊचे कोण भरतं? कुणी नाही. सकाळपासून पडलंय ते असं, उघड्या मुळांनी. फांदी हिरवी आहे का बघा. नखानं खरवडा जरासं. हिरवी आहे? ओली? मग डोळा जगेल, आत्ताच्या आत्ता भरला तर जगेल. कुठलं आहे पण ते? मला काय विचारता – उपटायच्या आधी झाडाचा नंबराचा टॅग काढून घ्यायचा, हा या घरातला नियम आहे, मीच घातलाय, टॅग परत वापरता येतात. सगळे काढून घेतले. आणि मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही नीट. वेडंवाकडं म्हटलं तिनं, पण ही सगळीच वेडीवाकडी आहेत, बारकी, गुलाबट, मान पडलेली, बघा ना, एका छापाची. मला यातलं एकही ओळखू येत नाही.

तुम्ही हुंगा. हसायचं असेल तर नंतर हसा, बाहेर जाऊन. एकेक उचला, मुळाशी धरा, हळू. – हे? नाही? ठेवा. पुढचं. – फुलं सुकलीत म्हणून काय झालं, वास जात नाही एवढ्यात. – हे? या दोन्हींना आहे? दोन्हींना कसा असेल? एकमेकांवर पडून लागला असेल. नीट बघा. म्हणजे हुंगा. कुठला खरा? – सांगता येत नाही म्हणजे काय? एवढी मोठी कंपनी आणि पाठवलं कुणाला तर – ते तिला सांगता आलं असतं. डोळे मिटून सांगितलं असतं तिनं. काळोखात सांगितलं असतं.

राहू द्या. ठेवा ती दोन्ही या ओल्या गोणपाटावर. वरून पाणी शिंपडा जरा. आणि निघा तुम्ही. नाही, आज काही नाही तुमच्यासाठी इथे, ते खिडकीतलं घेऊन जायचं तर जा, दुकानात छान दिसेल. मला डोळे भरायचेत. चाकू कुठे ठेवला मी.

आणि ऐका. जाताना जिन्याकडचं दार उघडा. सताड उघडा. मी हाक मारणार नाही तिला, मेले तरी मारणार नाही, तुम्हीही एक शब्द बोलायचा नाही. नुसतं दार उघडा आणि चालू लागा. वास जाऊ दे वर.