येतो म्हणाले दाजी

बाप विहिरी खांदायचा, आजा बी विहिरीच खांदायचा, मंग मी काय कलेक्टर व्हतोय का? तेलगावच्या अंगाचे आमी. पहार हातात आली ती आली. आता पहार धरीत न्हाई, आता माणसं संभाळायची, बांधकामावर कुणाचा जीव जाऊ द्यायचा न्हाई, हेच माझं काम. पण ते मी कावून धरून बसलो ते ऐका.

दुष्काळाचं साल व्हतं अन आमच्याकडं सहकारी साखर कारखान्याचं बांधकाम निघालं. काय सांगू तुमाला, रानात उसाचं चिपाड झालेलं अन हितं कारखाना उभा राहतोय, लोक हसायचे. बांधकामाला पाणी पायजे म्हणून आदी विहीर. चाळीस हात गेलो, खाली काळा फत्तर, सुरुंगाबिगर हलंना. मी मुकादम. बार भरले की समदी माणसं वर घ्यायची, मोजायची, विहिरीत वाकून बघायचं, वाटंवर लाल फडकं लावायचं, मंग मी हात वर केला की सुरुंगवाला वायरीनं बार उडवायचा. माझ्या हाताबिगर न्हाई. लई ताठ्यात असायचो मी.

माझ्या धाकट्या बहिणीचा, सरूचा नवरा, भानुदास दाजी, माझ्याच हाताखाली व्हते. त्या दिशी त्यांच्या अंगात ताप. मी दोनदा म्हणलं, दाजी, घरी जा, तर म्हणाले, एवढे बार भरून होऊ द्या. दुपारी बार भरले, समदे वर आले, तेवढ्यात पाण्याचा टँकर आला अन ही पळापळ, बायका घागरी घेऊन, गडी डबडी घेऊन, कोण कुठं काय कळंना. मी फडकं लावीत व्हतो, पाठमोरा. दाजी मागून म्हणाले, येतो मुकादम. मी म्हणलं, या. वळून बी बघितलं न्हाई.

आता तुमीच सांगा, आपल्यात घरी निघालेला माणूस काय म्हणतो? जातो म्हणतो का? जातो म्हणलं तर माय तोंडावर हात ठिवती. मला वाटलं ताप हाय, गेले घरी. अन त्यांची पहार राहिलती खाली, ती आणाया शिडीनं उतरले व्हते ते, आत्ता वर येतो म्हणत व्हते. पंधरा माणसं मोजली, सोळावा घरी गेला म्हणलं. वाकून बघायचं सोडून टँकरपाशी भांडण लागलं तिकडं बघत राहिलो, अन हात वर केला.

धूळ बसली न्हवती अजून, सरू आली, डोक्यावर भाकरीचं गठुडं. दादा, हे कुठं हायत? मी म्हणलं, अगं घरी आले न्हवं? ती म्हणली, मी घरूनच तर आले, वाटंत कुणीच भेटलं न्हाई.

अरे देवा! विहिरीकडं बघवंना, सरूकडं बघवंना, येड्यावानी मी पुन्यांदा माणसं मोजायला लागलो, एक, दोन, तीन. त्या मोजण्यावरनंच तिला कळलं.

चेअरमन आले, साहेब आले, कुणी मला शिवी दिली न्हाई. द्यायला पायजे व्हती. मला नवी शिट्टी दिली अन पिवळ्या टोप्या वाटल्या. शिट्टी! मी म्हणलं, काम करीन, पण हितनं पुढं माझ्यासमोर येतो म्हणायचं न्हाई. घरी निघाला तर जातो म्हणायचं, मोठ्यानं, माझ्या तोंडाकडं बघून. खाली उतरला तर उतरतो म्हणायचं. बायका भडकल्या, सांजच्याला असं अभद्र कावून बोलायला लावता? गडी म्हणायचे, येडा झालाय बे हा. झालोच व्हतो. पण त्यानंतर किती विहिरी, टाक्या, गोदामं झाली, माझ्या हाताखाली माणूस गेला न्हाई.

सरू वर्षभर बोलली न्हाई माझ्याशी. मंग घर चालंना तवा गोदामाच्या कामावर माझ्याकडंच आली, खडी वाहायला. पहिल्या दिशी सुट्टी झाली, एकेक जण जातो, जाते म्हणत निघाला. सरूची पाळी आली. मी खाली मान घालून म्हणलं, तू न्हाई म्हणलीस तरी चालतंय. ती म्हणली, वर बघ दादा. बघितलं. जाते, म्हणली, अन गेली.

अजून कामावर हाय ती. रोज सांजच्याला तसंच म्हणती, अन सकाळी फाटकातून आत येताना दिसंपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत न्हाई. देव तिला लई आयुष्य देवो.