तोफेला रबरी चाकं होती तरी

मंडळी, लीलाबाईंच्या घरची सगळी माणसं, गावातले वडीलधारे, आणि बाईंच्या हाताखाली शिकलेले तुम्ही सगळे. वर्गात तासभर न थांबता बोलणारी मी, पण आज बाईंच्या शोकसभेत पहिल्याच वाक्याला अडखळले. सांभाळून घ्या.

लीलाबाई आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, मी गणित. आम्ही शेजारी राहायचो. आंबागडला तंबूतला सिनेमा आला की दोघी बरोबर जायचो. ऐतिहासिक असला, तर पहिल्याच खेळाला. चुका त्यांना लगेच दिसायच्या. माझ्या कानात सांगायच्या, "अवो, राणीच्या पोलक्याले मागून चेन आहे!" आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांना पदर लावायच्या.

एका संध्याकाळचं सांगते. तुमच्यातले बरेच जण तिथं होते. पडद्यावर तोफ आली, तर तिला रबरी चाकं. लोक हसले. मग राजा घोड्यावरून उतरला. पायात कॅनव्हासचे बूट. मागून कोणीतरी ओरडलं, "आपल्या राजाची थट्टा करून राहिले! पाडा रे तंबू!"

आठवतं ना? पोरं उठली. दोर ओढू लागली. मधला खांब हलला. पडद्याजवळ बाया बसलेल्या, मांडीवर लेकरं घेऊन. बाहेर जायला वाट एकच, आणि तीही अडलेली. सिनेमावाला मशीनला मिठी मारून उभा. मी बाईंचा हात धरला. म्हटलं, "बसा, बाई." त्यांनी हात सोडवला.

त्या थेट खांबापाशी गेल्या. त्यांची सावली पडद्यावर राजाच्या अंगावर पडली. दोर धरून सगळ्यांत पुढं शामराव होता, बाईंचा जुना विद्यार्थी. तो आज इथं बसला आहे. हे सांगा, असं त्यानंच मला सांगितलं.

"शाम्या, दोर सोड."

"बाई, तुमी काहून मधात येता? बूट दिसले नाही का तुमाले?"

"दिसले. तुह्या आधी दिसले. तुले हे पाहायले कोणं शिकवलं?"

"तुमीच."

"मंग माह्या शिकवण्यापायी लेकरं चेंगरू देऊ का?"

मशीनची घरघर तेवढी चालू. शामरावाच्या मुठीत दोर तसाच ताणलेला.

"चुका उद्या काढू," बाई म्हणाल्या. "आता राजा घरी जाऊन राहिला. त्याची माय दारात उभी आहे. मले पाहू दे. तूही पाह्य."

पुढं एक लेकरू रडायला लागलं. शामरावानं तिकडं पाहिलं. दोर सोडला, आणि तिथंच मातीत बसला. मग बाकीचेही बसले. शेवटी मायलेकांची भेट झाली, तेव्हा सगळा तंबू रडत होता. शामरावही.

घरी आलो. बाईंची किल्ली कुलपाला लागेना, शेवटी मीच उघडलं. मी रागावले. म्हटलं, "एवढ्या चुकांच्या सिनेमासाठी जीव धोक्यात घालता?"

"लेकरांसाठी उभी झाली मी," त्या म्हणाल्या. मग हळूच हसल्या. "अन् खरं सांगू? मले शेवट पाहायचा होता."

मंडळी, चूक दिसूनही प्रेम करणारी ही बाई. आमच्याही चुका तिला दिसतच होत्या ना? आम्हाला कधी टाकलं का तिनं?

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

लीलाबाई, आमचा नमस्कार घ्या.