ओवाळणीचं दार

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शहापूरच्या एसटी स्टँडवर सरिता मुरबाडच्या गाडीची वाट बघत बसली होती. बाकावर शेजारी एक नवराबायको, आणि दोघांच्या मांडीवर आडवं पडलेलं जुन्या फियाटचं अख्खं दार. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे सरिता शाळेत पोरांना रोज सांगायची. पण दार मोठं होतं, आणि त्यांचे आवाजही.

"बाईजा, भाऊ साडी देत व्हता, ती सोडून तू हे मागितलंस?"

"मंग? चार वर्सं तुमी या दारासाठी भंगारवाल्यांकडं फिरताय."

"त्याच्याकडं व्हतं कुठं?"

"शेळ्यांच्या वाड्याला लावलेलं. ओवाळून भायेर आली तर समोरच."

"काय बोलला तो?"

"वयनीला बोलला, बाईजा कामातून गेली."

"मला तर गाव तसंच बोलतं."

"आता दोघांना बोलंल."

"बैल पडवीत बांधलास नि गोठा माझ्या गाडीला दिलास. मी कदी बोललो नाय गो, पन तू..."

"आता बी बोलू नका. लोक ऐकतात."

सरितानं घाईघाईनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

"गाडी चालू झाली का पयली तुला बसवनार. पुढं."

"पुढंच बसनार. डायवरच्या जागी."

"तू चालवनार?"

"का? नको?"

"तसं नाय गो. स्टेरिंग लय जड हाय तिचं."

"वीस वर्सं तुमाला वळवतेय. ती काय जड!"

तेवढ्यात मुरबाडची गाडी लागली. नवऱ्यानं दार उचलून डोक्यावर घेतलं.

"चला, डायवरबाय."