टिंबाचा पूल

— नाही हो ताई, टिंब द्यावंच लागेल. ‘आईचं घर’ — ‘च’वर टिंब. टिंब गेलं की ‘आईच घर’ होतं, अर्थच बदलतो... काय? तसंच हवंय? कुणी सुचवलं — आमच्या हिनं? आमच्या दारावरची पाटी दाखवली? बोंबला! अहो, ती काही मी मुद्दाम केलेली नाही — आता तुम्हाला म्हणून सांगतो, हिला बोलू नका. हे पाट्या कापायचं टेबल म्हणजे विजेची ज्योत, पत्रा लोण्यासारखा कापते. पण डोकं नाही तिला, कॉम्प्युटरवर मी आखीन त्या रेघेवरून जाते. आखणारा गाढव असला तर गाढवपणाही सुबक कापते! बाकीची अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, निर्धास्त. टिंब बिचारं अधांतरी — त्याला बारीक दांडी जोडायची, पूल म्हणतो आम्ही. आल्यागेल्याला मी हेच शिकवतो, आधी पूल, मग बाकीचं! आणि त्या दिवशी मीच विसरलो. त्या दिवशी म्हणजे — आमचं कडाक्याचं वाजलं होतं. हिनं बॅग भरलेली. म्हणे, या घरात माझं आहे काय, पाटीसुद्धा तुझ्याच नावाची. तसाच धावत इथं आलो, ‘बायकोचं घर’ आखलं, कापलं — टिंब टपकन टेबलाखालच्या, पत्रा थंड करायच्या पाण्यात. हातात राहिलं ‘बायकोच घर’. दुसरा पत्रा नव्हता, म्हटलं चला, शिव्या खाऊ. तर ही वाचते, परत वाचते, आणि रडायलाच लागली हो! बॅग उघडली. मी लगेच पाटी दाराला ठोकली. जन्मात पहिल्यांदा कुणी मला शहाणा समजत होतं, नको म्हणायला मी काय साधू आहे? तेव्हापासून घरात मी कवी. पाहुण्यांना पाटी दाखवते, मी मान खाली घालतो — लोकांना वाटतं विनय. विनय कसला, घाबरतो हो मी! कळलं तर पुन्हा बॅग भरेल, आणि हिच्याशिवाय मला... मागे काय बघताय?

अगं! केव्हा आलीस? डबा विसरलो होय... नाही, यांना मी नुसतं — काय? माहीत होतं? पहिल्या दिवसापासून? मग बॅग कशाला उघडलीस?

...कधी पूल न विसरणारा माणूस विसरला — म्हणून?

ताई, तुम्ही उद्या या. हो, हो, टिंबाशिवायच. या आता.